पाठीवर आकडा नसलेले दोन ठसे

निवृत्त झाल्यापासून लोक मला मोठ्या गुन्ह्यांबद्दल विचारतात. खून, दरोडे, किनाऱ्यावर उतरलेला माल. मला मात्र सर्वांत आधी आठवते ती दागिन्यांच्या एका कारखान्यातली चोरी. त्या चोरीत गुंजभरही सोने गेले नव्हते.

त्या वेळी मी रायगडच्या किनाऱ्यावरील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत सुपारीच्या वाड्या, मच्छीमारांच्या वस्त्या आणि सुट्टीत येणारे पर्यटक. गुन्हे बहुतेक भांडणाचे, नाहीतर जमिनीच्या बांधाचे. माणगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक लांबट पत्र्याची शेड होती. बाहेरून पाहणाऱ्याला ती भाताची गिरणी वाटावी. तोच हा कारखाना. गस्तीच्या वेळी गेटवरच्या वहीत सही करण्यापलीकडे मी तिथे कधी गेलो नव्हतो.

त्या घराण्याची हकिगत मला तपासातच कळली. मालकांचे आजोबा श्रीवर्धनला ओसरीवर शेगडी आणि फुंकणी घेऊन बसत. नथ, बुगडी, कोळी बायकांचे जाड दागिने, सगळे हाताने घडवत. त्यांच्या मुलाला, म्हणजे मालकांच्या वडिलांना, सगळे थोरले शेठ म्हणत. त्यांच्या लक्षात आले की लग्नसराईत दर घरी बोरमाळ आणि पुतळ्यांची माळ लागतेच, आणि एकट्याच्या हाताने ती मागणी पुरी होणार नाही. त्यांनी पोलादाचे ठसे कोरून घेतले. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठेवून दाबला की पुतळी उठते, मण्याची अर्धी वाटी तयार होते. दोन हातप्रेस आणि सहा माणसे यांच्यावर शेड उभी राहिली. पुढे तिथे चाळीसेक माणसे कामाला लागली. मुंबईच्या पेढ्यांमधून मागणी येऊ लागली.

ते ठसे ज्यांनी कोरले, त्यांना कारखान्यात सगळे नाना म्हणत. सतराव्या वर्षी ते तिथे आले आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरेपर्यंत तिथेच राहिले. खाडीकाठच्या एका गावात त्यांचे घर. थोरले शेठ गेले तेव्हा त्यांच्या मुलांबरोबर नानांनीही खांदा दिला होता.

मी सांगतो त्या काळात कारखान्याचा कारभार मालक आणि त्यांचा पुतण्या असे दोघे पाहत होते. मालकांचे भाऊ लवकर वारले. त्यांचा हा मुलगा मुंबईत संगणकावर दागिन्यांची नक्षी काढायला शिकून आला होता. त्याने ओतकामाची यंत्रे आणली, मेणाच्या साच्यांतून नव्या धर्तीचे दागिने काढायला सुरुवात केली. माणूस हुशार आणि कामाला वाघ. काका-पुतण्यात वाद एकच होता. पुतण्याला जुने ठसाकाम बंद करायचे होते, काकांना ते चालू ठेवायचे होते.

एका सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना मालक आणि त्यांची मुलगी ठाण्यात आले. मालक दारातच घुटमळले. मुलगी पुढे येऊन बसली. पंचविशीतली असेल.

“ठशांचं कपाट रिकामं आहे,” ती म्हणाली. “अडतीस ठसे गेलेत.”

“आणि सोनं?”

“तिजोरीला हात लागलेला नाही.”

मालक हळूच म्हणाले, “साहेब, मला फिर्याद द्यायची नव्हती. घरातलंच काही असेल, सापडतील म्हणून दोन दिवस थांबलो. हीच ऐकेना.”

“बाबा, ते सापडले नाहीत तर आपल्याकडे फक्त शेड उरेल,” मुलगी म्हणाली. “तशी पुतळी आता कुणाला कोरता येत नाही.”

फिर्याद नोंदवून मी घटनास्थळी गेलो. कपाटाचे कुलूप शाबूत होते. त्याला दोन चाव्या. एक मालकांकडे, दुसरी कचेरीतल्या खिळ्याला. म्हणजे चोर आतला, किंवा आतल्याच्या ओळखीचा. ही गोष्ट शिकाऊ फौजदारालाही कळली असती. हे ठसे बाजारात विकायला नेले तर भंगाराच्या भावाने जातील. ज्याला त्यांचे मोल कळते अशाच माणसाने ते नेले होते, आणि अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. मी कामगारांचे जबाब घ्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर खबर आली. ठाणे अंमलदाराने ती स्टेशन डायरीत जशीच्या तशी लिहिली: कारखान्यातले ठसे नानांच्या घरी आहेत, तांदळाच्या कणगीत पाहा. नाव विचारताच फोन ठेवला गेला. नंबर एका एसटी स्थानकाजवळच्या सार्वजनिक फोनचा निघाला.

खबर इतकी नेमकी असली की पोलिसाला आनंद होतो. मलाही झाला. दोन पंच, एक हवालदार आणि नवीनच लागलेला एक उपनिरीक्षक यांना घेऊन मी जीपने त्या गावात गेलो. दुपारी चारची वेळ. जीप अंगणात उभी राहिली तशी आसपासच्या घरांतून माणसे बाहेर आली. नाना ओसरीवर बसले होते. त्यांच्या सुनेने आम्हाला पाणी दिले. आम्ही ते न पिता आत गेलो.

कणगीत हात घातला तर खरोखरच जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले दोन ठसे हाताला लागले. एकावर पुतळी, दुसऱ्यावर मण्याची वाटी.

“हे कुठून आले?” मी विचारले.

“माझंच हायेत,” नाना म्हणाले. “थोरल्या शेठनी दिलेले.”

“थोरले शेठ तर आता साक्षीला येणार नाहीत.”

मी हे वाक्य बोललो आणि हवालदार हसला. अंगणातल्या लोकांनी ते ऐकले. आज लिहितानाही त्या वाक्याची मला लाज वाटते.

पंचनामा करून ठसे ताब्यात घेतले आणि नानांना चौकशीसाठी जीपमध्ये बसवले. निघताना गावातले दोन-तीन वडीलधारे पुढे झाले. त्यातल्या एकाने नानांकडे हात पसरला. नानांनी कमरेची एक चावी सोडून त्याच्या हातावर ठेवली. हवालदाराने मला वाटेत सांगितले की ती ग्रामदेवीच्या दागिन्यांच्या पेटीची चावी होती. तीस वर्षे ती नानांच्या कमरेला होती.

त्या संध्याकाळी मी त्यांना घरी सोडले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले आणि दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवले. अंगाला हात लावला नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर आठ तास बसवणे ही काही साधी गोष्ट नाही. तेच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारले. बाकीचे छत्तीस कुठे आहेत? कुणाला दिले? कोण बरोबर होते?

ते प्रत्येक वेळी तेच सांगत. “मला ठावं न्हाय, साहेब.”

एकदा मी चिडून म्हणालो, “नाना, तुम्हाला घरी बसवलं याचा राग होता ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “बसवलं न्हाय कुणी. डोळं गेलं म्हणून मीच बसलो. आन् राग कुणावर धरायचा? ते ठसे म्हंजे माझ्या हातची पोरं. पोरं कुणी चोरतं का?”

तिसऱ्या दिवशी मालकांची मुलगी ठाण्यात आली. तिला कुणीतरी सांगितले होते की नानांकडे ठसे सापडले. ती म्हणाली, “मला एकदा ते बघू द्या.”

मुद्देमालाच्या खोलीतून मी ते मागवले. तिने फडके सोडले, पुतळीच्या ठशावरून बोट फिरवले. मग तिने ठसा उलटा केला. दुसराही उलटा केला. दोन्ही माझ्या टेबलावर पालथे ठेवून ती म्हणाली, “साहेब, हे आमचे नाहीत.”

“म्हणजे?”

“आमच्या प्रत्येक ठशाच्या पाठीवर आकडा ठोकलेला असतो. आजोबांनीच तशी पद्धत घातली होती. ह्यांच्या पाठीवर आकडा नाही. आणि ही बघा, पुतळीच्या कडेला छिन्नी घसरली आहे. असा फसलेला ठसा कारखान्यात वापरतच नाहीत.”

पंचनाम्यात मी त्या ठशांची लांबी, रुंदी, रंग, सगळे लिहून घेतले होते. त्यांना उलटून पाहायचे मला सुचले नव्हते. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर.

नाना बाहेर बाकावरच होते. मी त्यांना आत बोलावले आणि खुर्ची दिली. चहा मागवला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना त्या दोन ठशांची हकिगत विचारली आणि मध्ये न बोलता ऐकली.

“शिकत व्हतो तवाचे हायेत,” ते म्हणाले. “दोन्ही फसले. मला वाटलं, शेठ आता घरी घालवणार. शेठनी ते माझ्या हातात दिले. बोलले, हे जपून ठेव, ही तुझी शाळा. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड गंजतं, म्हणून तांदळात ठेवतो.”

“कणगीत ठेवता हे कुणाकुणाला माहीत आहे?”

त्यांनी कप टेबलावर ठेवला. चहा निवला.

“सुनेला,” ते म्हणाले. “आन् बाहेरच्या एकालाच दाखवले व्हते.”

“कुणाला?”

“त्याचं नाव मी घेणार न्हाय. माझ्या मांडीवर वाढलेलं पोर हाय ते.”

मालकांची मुलगी शेजारीच बसली होती. तिचा चेहरा उतरला. कारखान्यात नानांच्या मांडीवर वाढलेली मुले दोनच होती. एक ती स्वतः. तिने ते ठसे आज प्रथमच पाहिले होते.

तेव्हा मला जे आधी विचारायला हवे होते ते मी स्वतःला विचारले. खबर देणाऱ्याला नानांच्या कणगीतले कसे ठाऊक? आणि त्याला नाना का अडकायला हवे होते? खबर खोटी नव्हती, ठसे खरेच तिथे होते. त्या खबरीने फक्त आम्हाला चुकीच्या दारात नेऊन उभे केले होते.

मी नानांना जीपने नाही, माझ्या स्वतःच्या गाडीने घरी पोचवले.

पुराव्याशिवाय पुतण्याला बोलवायचे नव्हते. अडतीस पोलादी ठसे म्हणजे चांगलेच वजन. ते मोटारसायकलवरून जाणार नाहीत, गाडी लागणार. माणगावच्या रस्त्यावरच्या नाक्यावर काही मिळाले नाही. मग उपनिरीक्षकाला घेऊन मी दिघीला गेलो. तिथून खाडीपलीकडे आगरदांड्याला फेरीबोट जाते, तिच्यावर गाड्या चढवतात. बोटीवर गाड्या लावून घेणारा एक मध्यमवयीन मुस्लिम गृहस्थ होता. पुतण्याच्या गाडीचा रंग सांगताच तो लगेच म्हणाला, “ती गाडी याद हाय ना, साहेब. शुक्रवारी नमाजनंतरची फेरी होती.”

“रोज इतक्या गाड्या चढतात, हीच कशी लक्षात राहिली?”

“मागून खाली दबलेली होती. चढताना खालून घासली, आवाज आला. मी बोललो, भाई, फत्तर भरलेत काय? तो कायपण बोलला नाय. पोरगा असा घामाघूम. मला वाटलं, तब्येत खराब हाय, म्हणून पाणी दिलं त्याला.”

मालकांनी कपाट रिकामे पाहिले ते शनिवारी. तारखा जुळल्या.

पुतण्याला मी ठाण्यात बोलावले तेव्हा तो इस्त्रीच्या शर्टात, शांतपणे आला. फेरीबोटीबद्दल विचारल्यावर म्हणाला, अलिबागला मित्राकडे गेलो होतो. गाडीत काय होते? यंत्राचे सुटे भाग. मित्राचे नाव? त्याने सांगितले. सगळी उत्तरे तयार होती. अशा माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो, तो आणखी घट्ट होतो.

मी कागद बाजूला सारले. म्हटले, “नानांना मी दोन दिवस त्या बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. ठसे कणगीत आहेत हे त्यांनी एकालाच दाखवलं होतं. त्याचं नाव विचारलं, तर म्हणाले, माझ्या मांडीवर वाढलेलं पोर आहे, मी सांगणार नाही.”

तो शर्टाची बाही सारखी करू लागला.

“त्यांना तेव्हाच कळलं होतं की फोन कुणी केला,” मी म्हणालो. “तरी ते आणखी बसायला तयार होते.”

त्याने विचारले, “त्यांच्या गावात कळलं?”

“देवीच्या पेटीची चावी काढून घेतली त्यांच्याकडून.”

त्यावर तो टेबलावर डोके ठेवून रडला. मग बोलला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्याला भागीदारी देऊ केली होती. अट एकच, जुनी नक्षी घेऊन ये. काका देणार नाहीत हे त्याला ठाऊक होते. अलिबागजवळ मित्राचे वर्कशॉप होते, तिथे यंत्रावर ठशांची हुबेहूब नक्कल उतरवता येत होती. चार दिवसांत काम उरकून ठसे परत कपाटात ठेवायचे आणि कुणाला कळूही द्यायचे नाही, असा बेत. पण शनिवारी एका लग्नाच्या मागणीसाठी काकांनी कपाट उघडले. पोलीस येताच तो घाबरला. नानांकडे दोन ठसे आहेत हे आठवले. त्याला वाटले, म्हातारा माणूस, पोलीस विचारून सोडून देतील, तेवढ्यात मी ठसे परत आणून ठेवीन.

“तेवढ्यात,” तो पुन्हा म्हणाला. “तेवढ्यात काय काय होतं ते मला कळलंच नाही.”

त्याच दिवशी वर्कशॉपमधून आम्ही अडतीसही ठसे पंचांसमोर ताब्यात घेतले. पोत्यांत भरून ते जमिनीवर टाकले होते. तीन ठशांच्या कडा उडाल्या होत्या. या वेळी प्रत्येक ठसा उलटून पाठीवरचा आकडा मी स्वतः वाचला आणि लिहून घेतला.

पुतण्याला अटक झाली, जामीन झाला. मालकांनी कोर्टात तडजोडीचा अर्ज द्यायचे ठरवले, पण त्याआधी ते नानांकडे गेले. मीही बरोबर होतो. मालक म्हणाले, “नाना, तुमचा शब्द. तुम्ही म्हणाल तर त्याला कारखान्याची पायरी चढू देणार नाही.”

नाना म्हणाले, “पायरी कशाला बंद करता? त्याच्या आजाची हाय ती. त्यानं फक्त हितं यावं. ह्या अंगणात. त्या दिवशी जी माणसं व्हती ती सगळी असतील तवा.”

रविवारी सकाळी दहा वाजता पुतण्या आला. आम्ही त्याला सांगितले नव्हते, तरी गाडी लांब ठेवून तो चालत आला. अंगण भरले होते. त्याने हात जोडून, काही न लपवता सगळे सांगितले. नाना उठले, चाचपडत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “झालं. आता बस, चहा घे.”

मला तिथून निघता आले असते. पण मीही उभा राहिलो आणि म्हणालो की यांच्या घरात चोरीचे काहीही सापडलेले नाही, चूक आमची झाली, आणि त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होते. गणवेशात असे बोलायची सवय नसते. पण बोलून झाल्यावर हलके वाटले. नानांच्या सुनेने पाणी आणले. या वेळी मी ते प्यालो.

गावाने चावी परत आणून दिली. नानांनी ती घेतली आणि सगळ्यांसमोर सुनेच्या हातात ठेवली. “मला कुलूप दिसत न्हाय आता,” एवढेच म्हणाले.

कोर्टाच्या परवानगीने चोरीच्या गुन्ह्यात तडजोड झाली. खोटी दिशा दाखवणाऱ्या फोनबद्दल मात्र मी वेगळा अहवाल पाठवला आणि त्यात पुतण्याला दंड झाला. त्याने तो मुकाट्याने भरला.

कडा उडालेल्या तीन ठशांचे काय करायचे, हा प्रश्न उरला होता. मालकांच्या मुलीने नानांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. ते पुन्हा कारखान्यात येऊ लागले, पण हात पूर्वीसारखा चालेना. ते सांगत, ती कोरत असे. पहिले दोन ठसे फसले. तिसरा जमला. पुढे गावातल्या चार मुली तिच्याबरोबर शिकू लागल्या. पुतण्याही गेला नाही. ठसा कोरायला घेण्याआधी नक्षी मोठी करून दाखवायला त्याचा संगणक उपयोगी पडतो, हे त्याचे त्यालाच सापडले. आज त्या शेडमध्ये ओतकाम आणि ठसाकाम शेजारी शेजारी चालते. काका-पुतण्यांचे वाद अजून होतात. ते असायचेच.

या तपासाने मला काय शिकवले, असे कुणी विचारले तर तांत्रिक उत्तर सोपे आहे. सापडलेली वस्तू आणि चोरीची वस्तू एकच आहे, हे सिद्ध होईपर्यंत धरून चालू नये. खबर खरी आहे का हे पाहतानाच ती देणाऱ्याला काय हवे आहे हेही पाहावे. हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो आणि नोकरीत विसरलो होतो.

पण दुसरीही एक गोष्ट आहे, ती कुठल्या पुस्तकात नाही. आपण एखाद्याच्या दारात जीप घेऊन जातो, झडती घेतो, काही निघत नाही, मग कागदावर ‘आक्षेपार्ह काही मिळून आले नाही’ असे लिहून परत येतो. आपल्यासाठी प्रकरण संपते. त्या घरासाठी ते तिथून सुरू होते. त्यानंतरच्या नोकरीत मी एक नियम पाळला. माणूस निर्दोष निघाला की मी दिवसाउजेडी, गणवेशात, त्याच जीपने त्याच्या दारात परत जात असे आणि चार माणसांना ऐकू जाईल असे सांगून येत असे. दोन मिनिटे लागतात. कायद्यात त्याची तरतूद नाही, आणि त्यावर बंदीही नाही.

नाना गेल्या वर्षी झोपेतच गेले. ठशांच्या कामावरच्या त्या मुली त्यांच्या घरी पोचल्या, तेव्हा त्यांच्या हातांना अजून तेल लागलेले होते.

त्या तपासात माझ्याबरोबर असलेला उपनिरीक्षक आता दुसऱ्या जिल्ह्यात एका ठाण्याचा प्रभारी आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. ठेवता ठेवता तो म्हणाला, “सर, आज एका घरी परत जाऊन आलो.”

मी विचारले, “काय म्हणाले ते?”

“काही नाही, सर. त्यांची आई बाहेर आली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, इकडे ये, साहेब काय सांगतायत ते ऐक.”